कोल्हापूरची भानू आणि शिवलेलं लुगडं

मंडळी, आज एका प्रश्नाने सुरुवात करू. भारतात पहिलं ऑस्कर कुणी आणलं?

मागच्या आठवड्यात ऑफिसात डबे उघडल्यावर हा प्रश्न टाकला होता. पहिलं उत्तर अर्थातच ए. आर. रेहमान. चूक, ते २००९ साली. मग सत्यजित राय. तेही चूक, त्यांना मानद ऑस्कर मिळालं १९९२ साली. एकजण म्हणाला पंडित रविशंकर. हा गडी बराच जवळ पोचला होता. सिनेमा बरोबर, वर्षही बरोबर, पण रविशंकरांना फक्त नामांकन होतं. बक्षीस मिळालं ते कपड्यांना. सिनेमा 'गांधी', तारीख ११ एप्रिल १९८३, आणि नाव भानू अथैया. माहेरच्या भानुमती राजोपाध्ये. गाव कोल्हापूर.

आमच्या टेबलावर सगळे मराठी, त्यातले दोघे खुद्द कोल्हापूरचे. दोघांनाही माहीत नव्हतं. तांबडा रस्सा कुठल्या गल्लीत चांगला मिळतो यावर त्यांचं भांडण मात्र अर्धा तास चाललं. :)

म्हणून या शनिवारचा लेख भानू अथैयांवर. त्यांचं काम आपण सगळ्यांनी पाहिलंय, पण ते कुणाचं आहे हे कुणी विचारलेलं नाही.

*

आधी थोडं मागे जायला हवं. आपल्याकडे 'फॅशन डिझायनर' हा शब्द यायच्या कितीतरी आधीपासून हे काम नटमंडळीच करत होती. सगळ्यात मोठं उदाहरण बालगंधर्वांचं. नारायण श्रीपाद राजहंस (१८८८ ते १९६७). स्त्रीपार्ट करणारा हा पुरुष रंगमंचावर जो शालू नेसेल, जसा अंबाडा घालेल, जशी नथ घालेल, तसं पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका करायला बघायच्या. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली निघाली आणि कंपनीच्या पैशाचा मोठा हिस्सा भरजरी कपड्यांत आणि अत्तरांत गेला. एका पुरुषाकडून बायकांनी नेसायचं वळण उचलावं ही गंमतच म्हणायची, पण झालं खरं असं.

मग सिनेमा आला. १९३८ साली मास्टर विनायक यांचा, आचार्य अत्र्यांनी लिहिलेला 'ब्रह्मचारी' आला. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि महाराष्ट्रात खळबळ उडाली. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. म्हणजे कपडा असो की साबण, लोकांना काय हवं ते पडद्यावरचा माणूस ठरवायला लागला होता.

पण तो कपडा शिवायचा कोण? तर कंपनीचा शिंपी, नाहीतर भाड्याने पोशाख देणारा ड्रेसवाला. त्यांची नावं कुठेच नाहीत. राजा असेल तर मखमल आणि जर, गरीब असेल तर ठिगळ, खलनायक असेल तर गळ्याला रुमाल. बस्स. अमुक पात्र अमुकच कापड का घालेल, असा प्रश्न विचारणं हे स्वतंत्र काम आहे हे फारसं कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

*

भानुमतीचा जन्म २८ एप्रिल १९२९ चा. ही तारीख लक्षात ठेवा, कारण त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी त्याआधी दहाएक वर्षं तिथेच चालू होती. म्हणजे कोल्हापूर तेव्हा आजच्या भाषेत चक्क सिनेमाचं हिंजवडी होतं. आणि हे सिनेमावाले होते कोण? तर नाटकाचे पडदे रंगवणारे चित्रकार. बाबूरावांच्या आडनावातच पेंटर आहे बघा (मूळ आडनाव मेस्त्री). भानूचे वडील अण्णासाहेब राजोपाध्ये हेही चित्रकार, आणि बाबूरावांच्या सिनेमांसाठी त्यांनी काम केलेलं. घरात रंग, कॅनव्हास, कॅमेरा यांचा वास.

वडील भानूच्या लहानपणीच गेले. घरात आई शांताबाई आणि सात भावंडं. चित्रकला मात्र सुटली नाही. मुंबईला जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला आणि तिथे सुवर्णपदक मिळवलं. त्या काळच्या मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचा बोलबाला होता. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे ही १९४७ ची मूळ मंडळी, पुढे गायतोंडेही त्यांच्यात आले. या ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात भानू राजोपाध्ये यांची चित्रं लागली होती. त्या प्रदर्शनातली एकटी बाई.

इथे जरा थांबूया. याच ग्रुपमधले मकबूल फिदा हुसेन मुंबईत पोटासाठी सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. ते होर्डिंगवरून कॅनव्हासवर आले. मार्च २०२५ मध्ये त्यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. आणि त्याच काळात, त्याच शहरात भानू राजोपाध्ये बरोबर उलट्या रस्त्याने निघाल्या. कॅनव्हासवरून सिनेमाकडे.

का? मला वाटतं उत्तर फार साधं आहे. १९५० च्या आसपास चित्रं विकून घर चालवणं पुरुष चित्रकारांनाही जड जात होतं. वडील नसलेल्या मोठ्या कुटुंबातल्या मुलीला तो जुगार कुठून परवडणार? त्यांना पगार देणारं काम मिळालं ते मासिकांत फॅशनची चित्रं काढायचं. आधी 'फॅशन अँड ब्यूटी', मग 'ईव्ह्ज वीकली'. बायकांचं इंग्रजी साप्ताहिक, त्यात भानू राजोपाध्ये यांच्या रेघांतून उतरलेले नवे नवे पोशाख. पुढे त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने कपड्यांचं बुटीक काढलं आणि म्हणाली, कागदावर काढतेस ते आता शिवून बघ. त्यांनी शिवून बघितलं. आणि गिऱ्हाईक म्हणून आल्या थेट सिनेमातल्या बायका. कामिनी कौशल, नर्गिस.

आपल्या धंद्यात याला डिझाइनवरून प्रॉडक्शनमध्ये जाणं म्हणतात. सगळ्यांना जमत नाही ते. कागदावर छान दिसणारी गोष्ट चालताना, बसताना, नाचताना उसवते.

*

पुढची यादी बघून मी थक्क झालो होतो. 'श्री ४२०' (१९५५) मधल्या क्लबातल्या गाण्यातला नादिराचा अंगाबरोबरचा गाऊन. गुरुदत्तच्या कंपूत 'सी.आय.डी.' (१९५६), 'प्यासा' (१९५७), 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२). मग 'वक्त' (१९६५), 'गाईड' (१९६५), 'आम्रपाली' (१९६६). पुढे 'सत्यम शिवम सुंदरम' (१९७८), 'लेकिन' (१९९०), 'लगान' (२००१). शंभराच्या वर सिनेमे. शेवटच्या कामांत २०१५ चा मराठी 'नागरिक'. 'लेकिन' आणि 'लगान'साठी राष्ट्रीय पुरस्कार. आडनाव बदललं ते गीतकार सत्येंद्र अथैया यांच्याशी लग्न झाल्यावर.

या यादीतले दोन-तीन नमुने नीट बघण्यासारखे आहेत.

'आम्रपाली' घ्या. वैशालीची नर्तकी, बुद्धाचा काळ. फोटो नाही, नमुना नाही, कुणाच्या पेटीत जुना कपडा नाही. त्या अजिंठ्याच्या लेण्यांकडे गेल्या. भित्तिचित्रातल्या बायकांचे दागिने, कमरेचं वस्त्र, खांद्यावरचं वस्त्र यांचा अभ्यास केला आणि त्यातून वैजयंतीमालाचा पोशाख उभा केला. सिनेमा आपटला, पण पोशाख राहिला. आजही शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'प्राचीन काळातली राजनर्तकी' म्हटलं की जे कपडे भाड्याने येतात ते बघा. ते अजिंठ्याहून थेट आलेले नाहीत, भानूबाईंच्या हातून आलेले आहेत.

'वक्त'मधली साधना. चुडीदार-कुर्ता हा तोवर ढगळ, साधा वेष. साधनाच्या मनात होतं की तो अंगाबरोबर घट्ट हवा, आणि तो तसा बेतला भानू अथैयांनी. पुढची काही वर्षं कॉलेजच्या पोरींनी शिंप्यांना सळो की पळो करून सोडलं.

आणि तिसरा नमुना हा माझा सगळ्यात आवडता. १९६८ चा हिंदी 'ब्रह्मचारी'. (हो, परत 'ब्रह्मचारी'! १९३८ चा मराठी पोहण्याच्या पोशाखाने गाजला, बरोबर तीस वर्षांनी आलेला हिंदी साडीने. नावात काय आहे बघा.) शम्मी कपूरबरोबर नाचणारी मुमताज आणि तिची ती नारिंगी साडी. अंगाला चिकटून बसलेली. कितीही गिरक्या घ्या, एक निरी हलत नाही.

आमची आजी कोळवणची, जन्मभर नऊवारीत. इकडे मुळशीत तिच्या तरुणपणी सिनेमा म्हणजे एकतर जत्रेतला तंबू, नाहीतर पुण्याला कुणाकडे गेलं तर. हा 'ब्रह्मचारी' तिने पुण्याला नणंदेकडे गेली असताना बघितला. गोष्ट तिला काही आठवायची नाही, पण साडी पक्की आठवायची. म्हणायची, "त्या बयेनं लुगडं शिवून घेतलं हुतं. नेसलेलं न्हवतंच ते."

आजीने बरोबर ओळखलं होतं. ती साडी शिवलेलीच होती. निऱ्या जागच्या जागी पक्क्या केलेल्या आणि चढवायला-उतरवायला झिप!

आता यात काय विशेष, असं वाटेल. पण जरा विचार करा. साडी म्हणजे मुळात न शिवलेलं कापड. प्रत्येक वेळी नेसताना ती नव्याने तयार होते, आणि दोन वेळा अगदी सारखी कधीच होत नाही. घरात चालतं. सिनेमात एकच नाच तुकड्यातुकड्याने चार-पाच दिवस चालतो. सकाळच्या शॉटमध्ये पदर इथे आणि संध्याकाळच्या शॉटमध्ये तिथे, असं झालं तर पडद्यावर उडी दिसते. त्यात नाच असा की खरी साडी पहिल्या मिनिटात सुटावी. म्हणजे दिसायला साडी हवी, वागायला ड्रेस हवा. यावर झिप हे उत्तर मला एकदम इंजिनिअरचं वाटतं. बघणाऱ्याला साडीच दिसते, आतली व्यवस्था बदललीये हे त्याला कळायचं कारण नाही. कळलं ते फक्त कोळवणच्या एका बाईला, जी रोज पहाटे नऊ वार कापड स्वतः नेसत होती. आज दुकानात 'रेडी टू वेअर' म्हणून मिळणाऱ्या शिवलेल्या साड्या याच रस्त्यावरच्या आहेत.

*

आता 'गांधी'.

रिचर्ड ॲटनबरो हा सिनेमा करायचा म्हणून जवळजवळ वीस वर्षं धडपडत होते. भारतीय कपड्यांसाठी त्यांना माणूस हवा होता आणि भानूबाईंना भेटल्यावर त्यांनी काही मिनिटांत होकार दिला. ब्रिटिश बाजूचं, विशेषतः गणवेशांचं काम जॉन मोलो यांच्याकडे. हे मोलो म्हणजे 'स्टार वॉर्स'च्या कपड्यांसाठी आधीच ऑस्कर मिळवलेले, लष्करी गणवेशांतले जाणकार. बाकी सगळा हिंदुस्थान भानूबाईंकडे.

काम किती होतं याचा अंदाज घ्या. गोष्ट १८९३ ला दक्षिण आफ्रिकेत सुरू होते आणि १९४८ ला दिल्लीत संपते. पंचावन्न वर्षं. वकील, शेतकरी, गिरमिटिये, संस्थानिक, मुसलमान, शीख, तमिळ, बिहारी. प्रत्येकाचं पागोटं वेगळं, धोतर नेसायची पद्धत वेगळी, आणि वीस वर्षांनी त्याच माणसाची तीच पद्धत बदललेली. सिनेमातल्या अंत्ययात्रेचं चित्रीकरण ३१ जानेवारी १९८१ ला दिल्लीत झालं, तेव्हा जवळपास तीन लाख लोक जमले होते. एवढ्या गर्दीत एक टेरिलीनचा शर्ट दिसला तरी सगळं ओमफस.

पण खरी गंमत गर्दीत नाही, एका माणसात आहे. पुढच्या वेळी 'गांधी' बघाल तेव्हा आवाज बंद करून फक्त गांधींचे कपडे बघा. सुरुवातीला आगगाडीच्या पहिल्या वर्गात बसलेला टाय-सुटातला बॅरिस्टर. १९१५ साली मुंबईच्या धक्क्यावर उतरतो तो काठियावाडी फेट्यातला माणूस. मग तिसऱ्या वर्गाने देश हिंडताना एकेक गोष्ट कमी होत जाते. नदीकाठी एका गरीब बाईकडे अंगावरचं कापड पाण्यात सोडून देतो तो प्रसंग आठवा. प्रत्यक्षात गांधींनी २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत फक्त पंचा नेसायचं ठरवलं. म्हणजे या माणसाचं सगळं राजकारण कपड्यावर लिहिलेलं होतं. सिनेमात ते कुणी भाषण करून सांगत नाही, कपडाच सांगतो. बेन किंग्जलीचा अभिनय थोर आहे यात शंका नाही, पण त्याच्या अंगावरची खादी नवी कोरी, इस्त्रीची दिसली असती तर? आपण एका क्षणात म्हटलं असतं, नाटक आहे.

म्हणून हे काम अवघड आणि म्हणूनच ते दिसत नाही. मुमताजची साडी लक्षात राहावी म्हणून केलेली होती. गांधींचा पंचा लक्षात येऊ नये म्हणून केलेला होता. दोन्ही एकाच हाताने.

'गांधी'ला ११ नामांकनं आणि ८ ऑस्कर मिळाली. वेशभूषेच्या स्पर्धेत 'ला ट्राविआता', 'सोफीज चॉईस', 'व्हिक्टर/व्हिक्टोरिया' होते आणि पाचवा होता 'ट्रॉन'! आम्हा कॉम्प्युटरवाल्यांचा देव्हाऱ्यातला सिनेमा. कॉम्प्युटरच्या आत घडणारी गोष्ट, अंगावर चमकणाऱ्या सर्किटचे पोशाख. तो हरला हाताने कातलेल्या सुताच्या कपड्यांसमोर. 'ट्रॉन'चा मी भक्त आहे, पण या निकालाबद्दल माझी काही तक्रार नाही.

आणखी एक हिशोब. देशात फॅशन शिकवणारी सरकारी संस्था, निफ्ट, दिल्लीत सुरू झाली १९८६ साली. म्हणजे हा विषय शिकवायचा असतो असं सरकारला वाटायच्या तीन वर्षं आधी आपल्याकडे त्याचं ऑस्कर येऊन पडलेलं होतं.

*

यानंतर चित्र बदललं. वेशभूषाकाराचं नाव श्रेयनामावलीत नीट दिसायला लागलं, बायकांना हा रस्ता आहे असं वाटायला लागलं. 'अनुरोध' (१९७७) मध्ये राजेश खन्नाची नायिका झालेली सिंपल कपाडिया पडदा सोडून कपड्यांकडे वळली आणि 'रुदाली'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. (२००९ साली ती गेली.) नटी म्हणून ती फारशी कुणाच्या लक्षात नाही. 'रुदाली'तले ते काळे घागरे आहेत.

पण भानूबाईंच्या गोष्टीचा शेवट मला अस्वस्थ करतो. २०१२ साली, ८३ व्या वर्षी, त्यांनी आपलं ऑस्कर अमेरिकेतल्या अकादमीकडे परत पाठवलं. राग नव्हता, निषेधही नव्हता. आपल्यामागे ही बाहुली इथे नीट सांभाळली जाईल याची खात्री नाही, एवढंच कारण. २००४ साली शांतिनिकेतनातून टागोरांचं नोबेल पदक चोरीला गेलं होतं, त्याचा दाखला त्यांनी दिला होता. १५ ऑक्टोबर २०२० ला त्या मुंबईत गेल्या. वय ९१.

म्हणजे भारताचं पहिलं ऑस्कर भारतात नाही. ते जिंकणाऱ्या बाईनेच विचार करून ठरवलं की ते बाहेर जास्त सुरक्षित आहे. त्यावर "छे छे, असं कसं!" म्हणायला तोंड उघडावं तर काय बोलणार? कोळवणहून पौड रोडने पुण्यात शिरलं की लॉ कॉलेज रोडवर जुन्या प्रभातची जागा लागते. कोल्हापूरची प्रभात १९३३ साली पुण्याला आली ती इथे, आता तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. ८ जानेवारी २००३ ला याच आवारात फिल्म अर्काइव्हच्या तिजोरीला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मचा साठा जळाला. त्यात प्रभातच्या मूळ फिल्मही होत्या. जतन करायला ठेवलेल्या जागीच जळाल्या! बॅकअप एकाच खोलीत ठेवू नये हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो.

त्या मानाने कपड्यांचं तर विचारूच नका. शूटिंग संपलं की शालू उसवून त्याची जर निघते, घागऱ्याचा पुढच्या सिनेमात एक्स्ट्रांसाठी ब्लाऊज होतो. भानूबाईंनी २०१० साली 'द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन' हे पुस्तक काढलं म्हणून निदान रेखाटनं आणि फोटो एका जागी आले. त्यांची तरुणपणची चित्रं २०२० नंतर लिलावात दिसू लागली, आणि लोक म्हणायला लागले, अरे, या तर हुसेन-गायतोंड्यांच्या बरोबरीच्या! सत्तर वर्षं लागली.

त्यांनी चित्रकला सोडून चूक केली का, असा प्रश्न मग हमखास निघतो. मला तो प्रश्नच पटत नाही. चित्र एका माणसाच्या भिंतीवर लागतं. साधनाचा चुडीदार खेड्यापाड्यातल्या शिंप्यापर्यंत पोचला आणि मुमताजची साडी आमच्या आजीने पन्नास वर्षं लक्षात ठेवली. फक्त भिंतीवरच्या चित्राखाली सही असते. चुडीदारावर नसते, म्हणून ते काम कुणाचं हे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

असो. लेख लांबला. या वीकेंडला दोन छोटी कामं करा. जुना हिंदी सिनेमा लावलात तर सुरुवातीची नामावली पळवू नका, वेशभूषा कुणाची ते वाचा. आणि घरात आई-आत्या-मावशीचे साठ-सत्तरच्या दशकातले फोटो असतील तर काढून विचारा की हा ड्रेस कुठल्या सिनेमातला बघून शिवला, कुणी शिवला. उत्तर फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा, सालासकट.